कंधार : मराठवाड्यातला 'समुद्र', किल्ला आणि मासे

कुठे : नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीकाठी. नांदेडहून सुमारे ५० किमी. लातूरकरांना अहमदपूरमार्गे सोयीचे. जवळचे मोठे रेल्वे स्थानक नांदेड.

इतिहास : दहाव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळात भरभराट. पुढे बहमनी, निजामशाही, मुघल आणि १९४८ पर्यंत हैदराबादचे निजाम.

काय पाहाल : भोवती खंदक असलेला भुईकोट, त्याची दुहेरी तटबंदी आणि बुरूज. राष्ट्रकूटांचा 'जगत्तुंग समुद्र' हा तलाव. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष चुकवू नका. नुसत्या पावलाशेजारी उभे राहिले तरी मूळ मूर्तीच्या उंचीने छाती दडपते. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा.

ताटात काय : या भागातले मासे गोड्या पाण्यातले : रोहू, कटला, मरळ. मरळीला काटे कमी, तरी मुलांना काटे काढूनच वाढावी. सुके खोबरे भाजून वाटलेले झणझणीत कालवण आणि ज्वारीची गरम भाकरी, हा बेत जमवाच.

केव्हा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तटाचे दगड निसरडे होतात, शिवाय तो माशांच्या विणीचा काळ.

विनंती : कोरीव दगडांवर चढू नका, नावे कोरू नका. हजार वर्षे टिकलेला हा ठेवा आपल्याच हाती आहे.