पीयूसीपुरतं अभ्यंगस्नान!

अचानक पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? पसारा उचलून कपाटात कोंबतो, वरवर केर काढतो आणि हसतमुखानं दार उघडतो. आपल्या गाड्यांच्या पीयूसीचंही हल्ली तसंच झालंय. सर्टिफिकेटची मुदत संपत आली की कुणीतरी सल्ला देतंच, “ताई, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साफ करून घ्या, गाडी पास होईल.” कुणी टाकीत ओतायच्या औषधाची बाटली पुढे करतं, कुणी सायलेन्सर उतरवून ॲसिडनं धुवायला सांगतं, तर कुणी ‘तो डबाच काढून टाका, कटकट नको’ म्हणून मोकळं होतं.

मैत्रिणींनो, आता ‘गाडीतलं मला बाई काही कळत नाही’ म्हणून चालणार नाही. मुलांना शाळेत सोडायचं, भाजी आणायची, बँकेत जायचं, सगळं आपल्याच दुचाकीवर. काही जणी तर रिक्षा आणि शाळेची व्हॅन चालवून घर चालवतात. मग ज्याच्यासाठी आपल्याकडून पैसे मागितले जातात, ते नेमकं आहे तरी काय, हे आपल्याला ठाऊक नको का?

मोटारीत इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक धातूचा डबा असतो. दुचाकीत तो बहुतेक वेळा सायलेन्सरच्या पोटातच बसवलेला असतो. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. होय, दागिन्यांतलं तेच प्लॅटिनम! म्हणून तर भंगारवालेही या डब्यावर डोळा ठेवून असतात.

पण एक लक्षात घ्या, ही काही चहाची गाळणी नाही. तिच्यात धूर अडकत नाही, धुरातले वायू बदलतात. इंजिनातून येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. हे सगळं घडवून तो धातूचा थर मात्र स्वतः खर्च होत नाही. गाळणी असती तर घासून चालली असती. इथे घासण्यासारखं फारसं काही नसतंच.

या जाळीचा एक शत्रू होता शिसं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. ते या धातूंवर बसलं की थर कायमचा निकामी होई. म्हणूनच १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागलं. सांगायचा मुद्दा हा, की हा डबा खराब होतो तो त्याच्यापर्यंत काय पोचतं त्यामुळे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. गॅसची ज्योत पिवळी झाली की पातेल्याचं बूड काळं होतं. तुम्ही रोज पातेलं घासत बसाल, की एकदा बर्नर साफ कराल? कन्व्हर्टर म्हणजे पातेलं आणि इंजिन म्हणजे बर्नर. एअर फिल्टर धुळीनं चोंदला की इंजिनाला हवा कमी पडते आणि पेट्रोल अर्धवट जळतं. स्पार्क प्लग खराब झाला की ठिणगी चुकते आणि कच्चं पेट्रोल तसंच पुढे जातं. इंजिनची झीज झाली की ऑइल जळायला लागतं. हे सगळं त्या नाजूक जाळीवर जाऊन आदळतं.

त्यातून तीन तऱ्हेचं नुकसान होतं. पहिली नुसती काजळी. इंजिन नीट केलं आणि गाडी हमरस्त्यावर चांगली तापवून चालवली, तर ती बरीचशी आपोआप जळून जाते. दुसरं, जळलेल्या ऑइलमधल्या फॉस्फरससारख्या पदार्थांचा थर. तो कुठल्याही बाटलीनं धड निघत नाही. तिसरं, कच्चं पेट्रोल डब्यातच पेटल्यामुळे वितळलेली किंवा फुटलेली जाळी. तिथे डबा बदलण्यावाचून इलाजच नाही. म्हणजे साफसफाईचा उपयोग झाला तर पहिल्या प्रकारात, आणि तोही मूळ दुखणं बरं केलं तरच! आणि ॲसिडनं धुण्यात काजळीबरोबर तो मोलाचा थरही जाण्याची भीती.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचा अनुभव सांगते. ती बारा वर्षांची पेट्रोल व्हॅन चालवते, शाळेच्या मुलांची ने-आण करते. पीयूसीत व्हॅन नापास झाली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त! त्याआधी काही दिवस मागे बसणारी मुलं ‘काकू, वास येतो, मळमळतं’ म्हणत होती. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, “कन्व्हर्टर जाम झालाय. धुऊन देतो, नाहीतर आतली जाळी काढून डबा रिकामा करून देतो. खालून वाकून कोण बघतंय?” पैसेही तिच्या महिन्याच्या हिशेबात न बसणारे. ती म्हणाली, “जाम झाला असेल, पण का झाला ते आधी सांगा.” त्याला उत्तर देता येईना, तशी ती गाडी घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी प्लग काढून पाहिले. त्यातला एक काळाकुट्ट, ओला. एअर फिल्टर उघडला तर आत कच्च्या रस्त्याची धूळ ओंजळभर. पेट्रोल अर्धवट जळत होतं, वास येत होता तो त्याचाच. प्लग आणि फिल्टर बदलले, सायलेन्सरच्या पाइपचा एक सांधा गळत होता तो बसवला, गाडी तालुक्यापर्यंत जाऊन-येऊन चांगली तापवली आणि मग तपासणीला नेली. पास झाली! कन्व्हर्टरला कुणी हातही लावला नव्हता. अजून महिनाभर ती तशीच चालवली असती तर मात्र जाळी जळाली असती, असं मिस्त्री म्हणाले.

जाळी काढून टाकली असती तर? गाडी पळाली असतीच, पण धूर कुणाच्या नाकात गेला असता? कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची सुरुवात. गरोदर बाई, तिच्या पोटातलं बाळ, हृदयविकाराचे रुग्ण यांना तर त्याचा धोका जास्तच. आपण तोंडाला स्कार्फ बांधून गाडी चालवतो ना, त्यानं धूळ अडते, हा वायू अडत नाही. आणि शाळा सुटल्यावर गाड्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या लहानग्यांचं नाक तर सायलेन्सरच्या उंचीलाच येतं.

कायदाही याला माफ करत नाही. कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याची मनाई आहे. प्रदूषणाचे नियम मोडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘गाडी आणूच नका, सर्टिफिकेट देतो’ म्हणणाऱ्यांपासूनही चार हात लांबच राहा. कागद मिळेल, पण गाडीचं दुखणं कळणार नाही.

मग पीयूसीच्या आधी करायचं काय? एवढंच करा :

० मुदत संपायच्या आठ-पंधरा दिवस आधीच तयारीला लागा. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते.

० एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि इंजिन ऑइल तपासून घ्या. ऑइल कंपनीनं सांगितलेलंच घाला.

० धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मिस्त्रींना जरूर सांगा.

० मोटारीत इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटत असेल तर तो आधी दाखवा.

० थंड गाडी तपासणीला नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून मग न्या. ही जाळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच कामाला लागते. तवा तापल्याशिवाय भाकरी भाजते का?

० कन्व्हर्टर असलेली मोटार पुन्हा पुन्हा धक्का मारून चालू करू नका. कच्चं पेट्रोल डब्यात जातं. बॅटरी बघून घ्या.

० तापलेल्या सायलेन्सरवर गार पाण्याचा फवारा नको, आणि वाळक्या गवतावर गाडी उभी करणं तर नकोच.

० तपासणीचा कागद नुसता डिकीत ठेवू नका, त्यावरचे आकडे वाचा. गेल्या वेळेपेक्षा आकडा वाढला असेल तर पास होऊनही गाडी काहीतरी सांगते आहे.

दर महिन्याला वाणसामानाच्या यादीतला एकेक आकडा आपण तपासतो. वजनात दहा ग्रॅम कमी भरले तरी दुकानदाराला विचारतो. मग गॅरेजमध्येच गप्प का बसायचं? पुढच्या वेळी कुणी ‘कन्व्हर्टर साफ करू का?’ म्हटलं, तर एवढंच विचारा, “तो घाण झालाच कशानं?” या एका प्रश्नानं आपले पैसे वाचतील आणि आपल्या गल्लीतली लेकरं जरा चांगल्या हवेत श्वास घेतील.