तुरीची मर आणि बुरशीची वाट

बडोद्यात मराठी घर असो वा गुजराती, तुरीच्या डाळीवाचून रोजचे जेवण पुरे होत नाही. महीकाठच्या वासदची तूरडाळ तर दूरवर नावाजलेली आहे. परंतु या तुरीस एक जुना शत्रू आहे. झाड फुलाशेंगांवर आले असता, जमिनीत ओल असूनही त्याची पाने पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. मराठी शेतकरी यास ‘मर’ म्हणतो, गुजराती शेतकरी ‘सुकारो’. सहा-सात महिन्यांची मेहनत ऐन पदरात पडण्याच्या वेळी जाते. ओल असून झाड तहानेने का मरावे? याचे उत्तर बुरशीच्या वाढण्याच्या रीतीत आहे.

बुरशी म्हटली की पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा लोणच्यावर येणारा पांढरा कापूस डोळ्यांपुढे येतो. तो कापूस म्हणजे असंख्य सूक्ष्म तंतू. एका तंतूची जाडी बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. आपले केस व नखे मुळाशी वाढतात. हा तंतू मात्र टोकाशीच वाढतो. भिंत बांधण्याचे साहित्य भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या आतून टोकाकडे धावतात व तेथे मिसळून जातात. टोकाची भिंत मऊ असते, आतील पाण्याचा दाब तिला पुढे रेटतो. मागे राहिलेली भिंत घट्ट होते. तिच्यात कायटीन असते. खेकड्याच्या कवचातही तेच द्रव्य आहे. पुढे जाता जाता तंतूस फांद्या फुटतात, फांद्यांस आणखी फांद्या, आणि चहूकडे जाळे पसरते.

प्राणी अन्न पोटात घेऊन पचवितो. बुरशी अन्नातच शिरते, पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेला अंश शोषून घेते. जवळचे अन्न संपले की टोक पुढे सरकते. बुरशीस पाय नाहीत, वाढणे हेच तिचे चालणे.

तुरीच्या मरीस कारण होणाऱ्या बुरशीचे नाव फ्युजेरियम उडम. बिहारमधील पुसा येथे काम करणारे शास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९१० साली हे नाव दिले. ही बुरशी मातीत राहते. तिचे तंतू कोवळ्या बारीक मुळांतून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका गाठतात. तेथे तंतू दाटतात, झाडही बचावासाठी डिंकासारखे पदार्थ सोडते, आणि दोहोंनी मिळून नलिका तुंबते. विहीर भरलेली, पण नळ बंद, अशी ही स्थिती. रोगट झाडाचे खोड उभे चिरावे. आत काळपट रेषा स्पष्ट दिसतात.

हे समजले म्हणजे उपायही उमजतात. शत्रू नलिकेच्या आत असल्याने पानांवर औषध फवारून लाभ नाही. तुरीच्या जुन्या मुळां-धसकटांत ही बुरशी सुमारे तीन वर्षे तग धरते. म्हणून मेलेली झाडे मुळासकट उपटून जाळावीत आणि त्या शेतात काही वर्षे तूर घेऊ नये. तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी तर शत्रूच्या तंतूंस विळखा घालून त्यांवरच जगते. तिची बीजप्रक्रिया पेरणीपूर्वी करतात. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रोगास दाद न देणारे वाण. पटनचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा ‘आशा’ हा वाण १९९३ साली प्रसृत झाला. आपल्या शहरातही मॉडेल फार्म येथे कडधान्यांचे संशोधन केंद्र आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे. त्यांनी एवढे करावे: पुढील पेरणीपूर्वी गेल्या हंगामात झाडे कोठे वाळली ती जागा आठवावी, तेथे तूर टाळावी, आणि बियाणे विचारून घ्यावे. झाड वाळू लागल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही; तोवर तंतूने आपली वाट पुरी केलेली असते.