संगणक अभियांत्रिकीची पदवी : रचना आणि गाभा

प्रवेश : महाराष्ट्रात बारावीनंतर या पदवीचा प्रवेश मुख्यत्वे एमएचटी-सीईटी या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेतील गुणांच्या आधारे केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो, तर तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ शकतात.

कालावधी : अभ्यासक्रम ४ वर्षांचा, म्हणजे ८ सत्रांचा असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात त्यासाठी १६० श्रेयांकांची चौकट असून, सत्रभर दर आठवड्याला एक तासाचे व्याख्यान किंवा दोन तासांचे प्रात्यक्षिक झाल्यास एक श्रेयांक धरला जातो.

गाभा : पहिल्या वर्षी गणित, विज्ञान आणि प्रोग्रॅमिंगची ओळख झाल्यावर डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकाच्या स्मृतीत माहिती मांडण्याच्या पद्धती, आणि अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या निश्चित पायऱ्या, यांचा अभ्यास सुरू होतो. क्रमाने लावलेल्या १० लाख नोंदींतून हवी ती नोंद द्विभाजन शोधाने जास्तीत जास्त २० तुलनांत सापडते, कारण प्रत्येक तुलनेनंतर उरलेल्या नोंदी निम्म्या होतात. पुढे प्रोसेसर व स्मृतीचे वाटप करणारी ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय येतात.

महत्त्व : प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषा आणि साधने काही वर्षांत बदलत असली, तरी ही तत्त्वे दशकानुदशके टिकून राहिली आहेत, म्हणूनच ती केवळ परीक्षेपुरती पाठ न करता प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून आत्मसात करणे, हेच या पदवीचे खरे फलित आहे.