पाठ टेकायची किंमत

बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमान उतरत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाला तर रेल्वेही नाही. गाडी पकडायची तर मलकापूर गाठावं लागतं, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तरीही चिखली, मेहकर, खामगावच्या घरांतली मुलं इंजिनिअरिंग करून पुण्याला जातात, तिथून अमेरिकेला जातात आणि पुढे सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आई-वडिलांची तिकिटं काढतात. त्या वेळी फोनवर एक प्रश्न हमखास येतो: ‘बिझनेस क्लासचं काढू का? तुम्हाला झोपून येता येईल.’ मुलाला खर्चाचं काही वाटत नसतं आणि आई-वडिलांना खर्चाशिवाय दुसरं काही सुचत नसतं. दोघांनाही नीट माहीत नसते ती गोष्ट म्हणजे या तिकिटात नेमकं काय विकत मिळतं. माझ्या मते मिळतो तो फक्त एक पलंग. बाकीचा मानपान त्याच्याभोवतीची सजावट आहे, आणि त्या पलंगाचा भाव आपल्यासारख्या घरांकडे पाहून ठरलेलाच नाही.

बिझनेस क्लास निघाला तोच मुळी कंपनीच्या पैशावर. 1970च्या दशकात सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला आणि पूर्ण भाडं भरणारा नोकरदार प्रवासी निम्म्या पैशांत सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाच्या शेजारी येऊन बसू लागला. त्याची कुरकुर थांबवायला 1978-79च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास अशा कंपन्यांनी त्याला वेगळा कक्ष दिला. सुरुवातीला फरक किरकोळ होता: थोडी शांतता, थोडं बरं जेवण. खरा पालट 2000मध्ये झाला. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारं आसन आणलं आणि रात्री लंडनहून निघालेल्या माणसाला सकाळी उतरून थेट बैठकीला बसता येऊ लागलं. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या प्रवासात हाच पलंग विकला जातो. भाडं ठरतं तेही त्या बैठकीच्या हिशोबाने. माणूस थकला तर कंपनीचं नुकसान, मग तिकिटाला तिप्पट ते पाचपट पैसे गेले तरी बिघडत नाही. बाळंतपणाला निघालेल्या आजीची बैठक कोणाशीच नसते.

आपल्याकडची करव्यवस्थाही हेच सांगते. 22 सप्टेंबर 2025पासून इकॉनॉमीच्या भाड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या सगळ्या वर्गांवर 18 टक्के जीएसटी आहे. आधी हा वरचा दर 12 टक्के होता. म्हणजे आता मूळ भाड्याच्या दर लाखामागे 18,000 रुपये कर. कंपनीच्या कामासाठी तिकीट काढलं तर कंपनी या कराची वजावट मागू शकते. मेहकरच्या निवृत्त शिक्षकाला तशी सोय नाही, त्याच्या माथी तो पुरता बसतो. ‘मधलं’ म्हणून सुचवली जाणारी प्रीमियम इकॉनॉमीसुद्धा याच 18 टक्क्यांत येते, हे तिकीट काढून झाल्यावर पुष्कळांच्या ध्यानात येतं.

आता तो पलंग जवळून पाहू. एअर इंडियाचं एअरबस ए-350 विमान जानेवारी 2024मध्ये प्रवासी सेवेत आलं. त्यात 316 जागा आहेत: 264 इकॉनॉमी, 24 प्रीमियम इकॉनॉमी आणि 28 बिझनेस. मागे एका रांगेत तीन-तीन-तीन अशा नऊ खुर्च्या बसतात, तर पुढे तेवढ्याच रुंदीत एक-दोन-एक अशा चार. लांबीतही पुढचा माणूस बरीच जास्त जागा घेतो. बटण दाबलं की पाठ मागे जाते, बैठक पुढे सरकते आणि दोन्ही मिळून साधारण साडेसहा फुटांचा पलंग तयार होतो. वर पातळ गादी अंथरून मिळते. पाय मात्र बहुतेक वेळा पुढच्या आसनाच्या बाजूखाली केलेल्या एका खोबणीत सारावे लागतात. कूस बदलताना गुडघे अडतात, खोलीच्या पलंगासारखं ऐसपैस लोळता येत नाही. दोन कोनाड्यांच्या मधल्या भिंती उंच असल्याने कडेच्या जागा मिळाल्या तर नवरा-बायको एकमेकांना दिसतही नाहीत. जोडप्याने मधल्या दोन जागाच मागून घ्याव्यात. बटणांवरच्या आणि स्क्रीनवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात, जेवणाचं टेबल कुठून ओढायचं हे पहिल्यांदा बसणाऱ्या कोणालाही विचारावंच लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हा पलंग सोडला तर दोन्ही वर्गांत सारखं काय राहतं, याची यादी बरीच लांब आहे. हवा तीच, तिचा कोरडेपणाही तोच. विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. जुन्या बांधणीच्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवर असावा इतका उतरू शकतो, तर बोइंग 787 आणि ए-350मध्ये सहा हजार फुटांच्या आसपास रोखलेला असतो. कळसूबाईचं शिखर सुमारे 5,400 फुटांवर आहे, त्यावरून अंदाज यावा. डोकं जड होणं, घसा कोरडा पडणं, अंग आंबणं यांत या दाबाचा आणि कोरडेपणाचा मोठा वाटा असतो, आणि त्याबाबत पुढचा पडदा ओलांडून काही फरक पडत नाही. फरक पडतो तो विमान कोणतं आहे यावरून. नव्या विमानाची इकॉनॉमी शोधायला एक पैसा जास्त लागत नाही, तिकीट काढताना विमानाचं नाव वाचावं लागतं एवढंच. जेट लॅगचंही तसंच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी आपलं घड्याळ साडेबारा ते साडेतेरा तासांनी फिरतं. विमानात झोप लागो न लागो, शरीराला ते मानवायला आठवडाभर तरी लागतोच. जेवणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी जेवण नव्हे. त्यात कोंबडी, मासे, बकऱ्याचं मटण असू शकतं. शाकाहाऱ्याने ‘एशियन व्हेजिटेरियन’ आणि कांदा-लसूण न खाणाऱ्याने ‘जैन’ जेवण आधीच नोंदवावं. शेगावच्या वारीतून आलेल्या माणसाची वरच्या वर्गातही यातून सुटका नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप तब्येतीचा असतो. तासन्‌तास बसून पायात रक्ताची गुठळी होते, म्हणून वयस्कांना बिझनेसच हवा, असं डॉक्टरकी न शिकलेले नातेवाईक ठासून सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. मात्र निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतका असतो, आणि रेल्वे, बस किंवा मोटारीतही तो वाढतोच, कारण दोष न हलता बसण्याचा आहे. छातीच्या विकारांच्या अमेरिकन तज्ज्ञ संघटनेने 2012मध्ये तर इकॉनॉमी वर्गामुळेच गुठळ्या होतात याला पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलं. खिडकीची जागा मात्र त्यांनी जोखमीची ठरवली, कारण तिथला माणूस शेजाऱ्याला उठवायचं टाळतो आणि बसून राहतो. म्हणजे पलंगावर लाखो रुपये घालण्याऐवजी मार्गिकेकडची जागा मागितली आणि दर तासा-दीड तासाने फेरी मारली तर बरंचसं काम होतं. ज्यांना आधी गुठळी झालेली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मणक्यामुळे दोन तासही ताठ बसवत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि पलंग लागतच असेल तर खर्चाकडे पाहू नये. त्यांच्यासाठी ते औषधपाणीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: पुढे बसणारे जास्त पैसे भरतात म्हणून मागच्यांना स्वस्तात जाता येतं, मग त्यांना नावं का ठेवायची? यात तथ्य आहे. संख्येने थोड्या असलेल्या या प्रवाशांकडून विमान कंपन्यांना उत्पन्नाचा फार मोठा वाटा मिळतो. पण उलट बाजूही खरी आहे. फक्त बिझनेस क्लासची विमानं उडवू पाहणाऱ्या ईऑस, मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेट या तिन्ही कंपन्या डिसेंबर 2007 ते मे 2008 या काही महिन्यांत बंद पडल्या. 2014पासून चालणारी फ्रान्सची ला कॉम्पनी हा अपवाद, तोही छोटा. मागची गर्दी आणि विमानाच्या पोटातला माल नसेल तर पुढचे पलंग सहसा परवडत नाहीत. शिवाय पलंगाचा भार हवेवरही पडतो. जागतिक बँकेच्या 2013च्या अभ्यासाने बिझनेस क्लासच्या एका प्रवाशामागे इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट कार्बन धरला, कारण तो तेवढी जागा अडवतो.

तिसरा आक्षेप मनाचा आहे. आयुष्यभर एसटीने फिरलेल्या आई-वडिलांना मुलाने एकदा सुख दिलं तर हिशोब कशाला मांडायचा? मांडू नयेच. पण सुख नेमकं कुठे कमी पडतं ते पाहावं. बुलढाण्यापासून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर. 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाकडून सुटसुटीत रस्ता मिळाला, तरी घर ते विमानतळ सात-आठ तास धरावेच लागतात. मुंबईची लांब पल्ल्याची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, तीन तास आधी पोचायचं असतं. म्हणजे माणूस विमानात बसतो तोवर त्याचा सबंध दिवस गेलेला असतो, आणि पुढे पंधरा-सोळा तास. आधल्या दिवशी मुंबईत मुक्काम, दुपारी पोटभर झोप, संध्याकाळी सावकाश विमानतळ, यांना पलंगाच्या मानाने नगण्य पैसे लागतात. नागपूरहून कतार एअरवेजने दोह्याला जाण्याचा पर्याय आहे, पण त्यात विमानाची बदली आली. वाटेतल्या परक्या विमानतळावर गेट शोधत धावणं हीच वयस्कांची खरी धास्ती असते. तिथे व्हीलचेअरची मदत कामी येते. ज्याला चालण्याचा त्रास आहे त्याच्यासाठी ती विनामूल्य असते, किमान 48 तास आधी कळवावी लागते, आणि खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत राहतो. थेट विमान मिळत असेल तर तेच घ्यावं. मात्र एप्रिल 2025पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केल्याने काही फेऱ्या लांबल्या, काहींना मध्ये थांबावं लागलं, तेव्हा ‘थेट’ खरोखर थेट आहे का, हे विचारून घ्यावं.

एवढं सगळं करूनही मुलाच्या हातात पैसे उरत असतील आणि त्याला पलंग द्यायचाच असेल, तर एकाच बाजूचा द्यावा, आणि तो जातानाचा. मध्यरात्रीनंतर मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानासोबत रात्रही लांबत जाते, त्यामुळे त्या पलंगावर खरोखर झोप होते. येताना विमान दिवसा सुटलं तर त्याच पलंगावर निम्मा वेळ बसूनच जातो. आणि वाटेत बदली असेल तर दोन्ही तुकड्यांवर सपाट आसन आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पहिल्या छोट्या विमानात पुष्कळदा ते नसतं.