जोड पाहून शर्यत

गांवच्या जत्रेंतील कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस एक गोष्ट स्मरत असेल. आरंभीं लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या लागतात. नामांकित मल्लांची जोड उतरते ती दिवस कलल्यावर. दहा वर्षांच्या पोराला कसलेल्या पहिलवानापुढें कोणी उभें करीत नाहीं. कारण तसें केल्यास त्याला कुस्ती तर येणार नाहींच, पण पुन्हा लंगोट कसण्याची इच्छाहि उरणार नाहीं. हेंच साधें तत्त्व मोटारींच्या खेळासहि कसें लागू पडतें, हें अमेरिकेंतील हौशी चालकांच्या मंडळांकडे पाहिलें असतां ध्यानांत येतें.

तेथें १९४४ सालीं ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘सोलो’ नांवाच्या शर्यतींत विस्तीर्ण फरसबंद पटांगणावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आंखतात. झुंज असते ती घड्याळाशीं. शेजारच्या गाडीशीं नव्हे. शंकू पाडला कीं वेळांत दोन सेकंद वाढतात. प्रत्येकास कांहीं फेऱ्या मिळतात व त्यांतील उत्तम तेवढी जमेस धरतात. रोज कचेरींत नेण्याची गाडीहि येथें चालते. म्हणून नवखे येतात. प्रश्न असतो तो ते टिकण्याचा.

पहिल्या दिवशीं नवखा निकालाचा कागद पाहतो. आपण पांच सेकंदांनीं मागें पडलों, तो दोष आपल्या हाताचा, गाडीच्या यंत्राचा, कीं खिशाचा? याचें उत्तर त्याला मिळालें नाहीं, तर तो पुन्हा फिरकत नाहीं. वर्ग पाडावयाचे ते याच उत्तरासाठीं. कारखान्यांतून आली तशीच जवळजवळ राहिलेली गाडी ‘स्ट्रीट’ या विभागांत जाते. तेथून अधिकाधिक फेरफार केलेल्या गाड्यांचे विभाग चढत जातात व अखेरीस ‘मॉडिफाइड’ येतो. प्रत्येक विभागांत पुन्हा गाड्यांच्या कुवतीप्रमाणें पोटवर्ग आहेत.

तथापि नियमाची एखादी फटहि नवख्यास बाहेर ढकलूं शकते. पूर्वीं या मूळ स्वरूपाच्या गाड्यांच्या विभागास ‘स्टॉक’ म्हणत. परंतु त्यांत शर्यतीच्या धर्तीचे मऊ रबराचे टायर चालत. ते जमिनीस घट्ट धरतात, पण झिजतातहि लवकर. साहजिकच ईर्षेनें उतरणारा स्पर्धक चाकांचा निराळा संच बाळगी, आणि नेहमींच्या टायरांवर आलेला नवखा निघण्यापूर्वींच हरलेला असे. २०१४ सालीं या विभागाचें नांव ‘स्ट्रीट’ झालें व झिजेच्या अंकाची अट घालून ते मऊ टायर वर्ज्य करण्यांत आले.

उलट, वर्ग फार झाले तरीहि विरस होतो. ज्याच्या वर्गांत दुसरी गाडीच नाहीं, त्याच्या पहिल्या क्रमांकास अर्थ काय? वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणावी, तर येथें वासरेंहि नाहींत! यावर तोड म्हणून प्रत्येक वर्गास एक गुणक देतात. समजा, एका वर्गाचा गुणक ०.८० व वेळ ६० सेकंद, गुणाकार ४८. दुसऱ्या, वेगवान वर्गाचा गुणक ०.८५ व वेळ ५७ सेकंद; गुणाकार ४८.४५. घड्याळांत तीन सेकंद मागें असलेला पहिला चालकच येथें सरस ठरतो. अनेक स्थानिक मंडळें याच हिशेबानें सर्व नवख्यांचा, गाडी कोणतीहि असो, एक स्वतंत्र वर्ग करतात. मग तुलना होते ती अनुभवानें बरोबरीच्या माणसांची.

मात्र हा वर्ग म्हणजे वेगळी पंगत होतां कामा नये. पुष्कळ ठिकाणीं जुना जाणता चालक नवख्याच्या शेजारीं बसून त्याला वळण समजावून देतो. आणि आपली पाळी नसतां नवखाहि इतरांबरोबर उन्हांत उभा राहून पडलेले शंकू उचलतो. अशीं मंडळें सभासदांच्या वर्गणीवर व अंगमेहनतीवरच जगतात. आज नवखा परत गेला, तर कांहीं वर्षांनीं शंकू मांडावयास माणूस उरणार नाहीं.

व्यायामशाळा असो, गायनसमाज असो, वा मोटारींचें मंडळ असो, चालकांनीं नव्या माणसाला एवढाच विश्वास द्यावा कीं, आजची हार त्याच्या स्वतःच्या तोकड्या अभ्यासाची आहे आणि ती अभ्यासानें भरून निघेल. अशी हार माणसाला घरीं बसवीत नाहीं. पुढच्या खेपेस ती त्याला परत घेऊन येते.