सिकलसेल : बिघाड हिमोग्लोबिनात, मार पेशीच्या आवरणाला

यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की कळंब लागतं. चिंतामणीचं कळंब, धाराशिव जिल्ह्यातलं नव्हे! या भागात 'सिकलसेल' हा शब्द घरोघरी ओळखीचा आहे. विदर्भातल्या गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं.

पण शरीरात नेमकं होतं काय?

रक्तातली तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रॉन रुंदीची असते, आणि तिला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांमधून वाट काढावी लागते. हे जमतं ते तिच्या आवरणामुळे. आवरणाच्या आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी असते. ॲन्किरिन हे दुसरं प्रथिन ती जाळी 'बँड ३' नावाच्या प्रथिनाला बांधून ठेवतं. म्हणून पेशी दबते, वाकते आणि पुन्हा मूळ आकारात येते. ही प्रथिनंच जन्मतः सदोष असली तर पेशी चेंडूसारखी गोल होते. तो वेगळा आनुवंशिक आजार, स्फेरोसायटोसिस.

सिकलसेलमध्ये मूळ चूक आवरणात नाही, आतल्या हिमोग्लोबिनात आहे. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस्स, एवढंच. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ऑक्सिजन मिळाला की ती सरळ होते, पुन्हा वाकते. या ओढाताणीत आवरण खिळखिळं होतं. पेशीतलं पोटॅशियम आणि पाणी बाहेर झिरपतं, पेशी ताठ होते, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. मग रक्त अडतं आणि हाडांमध्ये असह्य कळा येतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते. ही जेमतेम १० ते २० दिवस. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा थंडीत अंग गारठलं की त्रास उसळतो, तो यामुळेच.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. हा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचा नाही. त्यामुळे तपासणी न करता नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत राहून तो बरा होत नाही.

दुसरा गैरसमज लग्नाचा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. जोडीदार सिकलसेलचा किंवा बीटा थॅलेसेमियाचा वाहक नसेल, तर मुलांना हा आजार सहसा होत नाही. तरीही 'वाहक' म्हणून मुलीचंच स्थळ नाकारलं जातं, हा निव्वळ अन्याय आहे.

तपासणीतही एक मेख आहे. झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. कार्ड हाती आलं की त्यावर 'एएस' (वाहक) लिहिलंय की 'एसएस' (रुग्ण), ते आधी पाहावं.