वाकडा शिंतोडा

रंगीत थेंबांची छायाचित्रं काढणाऱ्याला लोक हमखास विचारतात, कॅमेरा कोणता? विचारायला हवं ते खोली किती अंधारी आहे हे. कारण या प्रकारात थेंब गोठवण्याचं काम कॅमेऱ्याचं शटर करतच नाही.

हिशोब सोपा आहे. अर्ध्या मीटरवरून सोडलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात थेंब १२ मिलिमीटर सरकतो आणि चित्रात नुसता ओघळ उमटतो. पण फ्लॅशची ताकद अगदी कमी ठेवली की त्याचा झोत १/२०,००० सेकंदात विझतो, आणि तेवढ्या अवधीत थेंब हलतो जेमतेम ०.१५ मिलिमीटर. म्हणून खोलीत काळोख करायचा, शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवायचं आणि चित्र फ्लॅशवर सोपवायचं.

बाकी मांडणी एका टेबलावर मावते. वर द्रवाची बाटली, तिला सोलेनॉइड व्हॉल्व्ह, खाली काठोकाठ भरलेला ट्रे, मागे दुधी ॲक्रिलिकचा पडदा आणि त्याच्या पाठीमागे रंगीत जिलेटिन लावलेले फ्लॅश. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि फ्लॅश कधी उडवायचा, हे एक छोटा कंट्रोलर ठरवतो. ट्रेमध्ये द्रवाचा पातळ थर असेल तर काठावर मण्यांसारखे थेंब असलेला मुकुट उभा राहतो. द्रव खोल असेल तर आधी खळगा पडतो आणि तो मिटताना मधूनच एक धार ताठ वर येते. नेमक्या त्या क्षणी दुसरा थेंब धारेच्या टोकावर आदळला की तो चहूबाजूंनी पसरून छत्री उघडते. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक रंगीत ‘छत्र्या’ अशा दोन थेंबांच्या टकरीतून जन्मलेल्या असतात.

नुसत्या पाण्याची छत्री लवकर फाटते, म्हणून पाण्यात थोडा गवार गम मिसळतात. आपल्या भाजीतल्या गवारीच्याच बियांपासून तो निघतो, आणि गवारीचं मोठं पीक राजस्थानात आणि चंदीगडला खेटून असलेल्या हरियाणात येतं. खुद्द चंदीगडमध्ये हा छंद करायचा तर तिथली हवा मात्र फारशी अनुकूल नाही. १० अंशांवरचं पाणी वाहायला ४० अंशांवरच्या पाण्याच्या दुप्पट कुरकुरतं, आणि या शहरात जानेवारीची पहाट नि जूनची दुपार यांत तेवढा फरक सहज पडतो. थंडीत जुळवलेले मिलिसेकंद उन्हाळ्यात पुन्हा जुळवावे लागतात. छताचा पंखाही बंद ठेवावा लागतो, कारण वाऱ्याच्या झुळकीनेसुद्धा दुसरा थेंब धारेला चुकतो. इतकं करूनही शेकडो फ्रेम्स निघतात, त्यांतली एखादी ठेवली जाते आणि बाकीच्या पुसल्या जातात.

या पुसण्याला मोठा इतिहास आहे. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात काळोख्या खोलीत पाऱ्याचे आणि दुधाचे थेंब पाडायला सुरुवात केली. थेंब आदळताच विजेची ठिणगी उडे, डोळ्यांवर क्षणभर प्रतिमा राही आणि तिच्यावरून तो चित्र काढी. मग ठिणगीची वेळ किंचित पुढे ढकलून पुढची अवस्था. अशा शेकडो निरीक्षणांतून त्याने शिंतोड्याची पूर्ण कुंडली मांडली, आणि तिच्यातला प्रत्येक मुकुट नीटनेटका, सर्व बाजूंनी सारखा होता. १८९४मध्ये त्याला त्याच ठिणगीच्या उजेडात छायाचित्रं घेता आली. त्यांत एकही मुकुट तसा नव्हता. कुठे एक पाकळी लांब, कुठे मधेच खंड. वाकडे शिंतोडे डोळ्यांना आधीही दिसत होते; पण ते अपवाद समजून त्याने बाजूला सारले होते. त्याने हे मोकळेपणाने मान्य केलं आणि १९०८च्या ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ या पुस्तकात छायाचित्रंच पुढे केली.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने ठिणगीच्या जागी वायू भरलेल्या नळीचा फ्लॅश आणला. त्याचा दुधाच्या थेंबाचा १९३६चा मुकुट गाजला. लाल पार्श्वभूमीवरचा रंगीत मुकुट १९५७चा. पण निर्दोष मुकुटाचा ध्यास त्यालाही वर्षानुवर्षं सुटला नाही.

चंदीगडच्या सेक्टर ३०मध्ये याच विद्येची दुसरी शाखा नांदते. ‘डीआरडीओ’ची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी १९६१मध्ये स्थापन झाली. तिचं चाचणीचं मैदान हरियाणातल्या रामगडला आहे. गोळी किंवा स्फोट लक्ष्यावर आदळल्यावर काय होतं, हा तिचा विषय. म्हणजे शिंतोडाच, पण धातूचा. चिलखत भेदणाऱ्या एका प्रकारच्या दारूगोळ्यात तांब्याचा पोकळ शंकू असतो. स्फोटाने तो आत मिटतो आणि सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाची धार बाहेर पडते. तांबं वितळलेलं नसतं, पण त्या दाबाखाली ते द्रवासारखं वागतं. ट्रेमधला खळगा मिटताना धार का उठते, याचंच हे भयंकर रूप. ज्वाळा आणि धूर यांतून साधा उजेड आरपार जात नाही, म्हणून अशा कामात क्ष-किरणांचा फ्लॅश वापरतात, तोही सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून छोटा. इथे कुणी देखणी फ्रेम निवडत बसत नाही. शंकू जरासा असमान असला तर धार वाकते आणि तिची भेदकता घटते, त्यामुळे चित्र काढायचं ते वाकडेपणा पकडण्यासाठीच.

वाकड्या शिंतोड्याचा तिसरा दाखला चंदीगडच्याच सुखना तलावाचा. १९५८मध्ये शिवालिकच्या पायथ्याशी, पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओढ्याला बांध घालून तो तयार केला, आणि थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. पावसाचा ५ मिलिमीटरचा थेंब जमिनीवर सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने, म्हणजे टेबलावरच्या थेंबाच्या तिप्पट वेगाने आदळतो आणि उघड्या मातीचे कण उडवतो. सपाट जमिनीवर ते सगळीकडे सारखेच उडतात. जेवढी माती जाते तेवढीच येते. उतारावर मात्र खालच्या बाजूचे कण लांब जाऊन पडतात आणि माती पावसागणिक खाली सरकते; पुढे ओहोळ तिला उचलून नेतो. तलावातल्या गाळाचा माग काढत मृदसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा १९७०च्या दशकात सुखोमाजरी गावात पोचले. चराईने टेकड्या उघड्या पडल्या होत्या. छोटे बंधारे झाले, पाण्यात गावाला वाटा मिळाला, मोकाट चराई थांबली आणि गाळ घटला. हिवरेबाजार-राळेगणसिद्धी ठाऊक असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. गवताचं पहिलं काम हेच की थेंब मातीवर थेट आदळू द्यायचा नाही.

टेबलाशी बसलेला हौशी छायाचित्रकार आज वर्दिंग्टनपेक्षा कितीतरी सरस साधनं हाती घेऊन नेमकी त्याची जुनी सवय चालवतो: सुबक तेवढं ठेवायचं, वाकडं टाकायचं. भिंतीवर लावायच्या चित्राला ते चालतं, आणि शेकडो प्रयत्नांतून आलेल्या त्या छत्रीचा आनंद खोटा नाही. पण तलाव भरला तो एका बाजूला झुकलेल्या शिंतोड्यांनी, आणि गोळा फसतो तो धार वाकल्यामुळे. द्रवाचं वागणं ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने मेमरी कार्ड पुसायच्या आधी टाकाऊ फ्रेम्स एकदा नीट पाहाव्यात.